पित्ताची गोळी, हिस्टामिन आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन

आधी प्रश्न थोडक्यात. वय ३१. पाच महिन्यांपासून पाळी लांबतेय, मध्ये दोन महिने आलीच नाही. तपासणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारा, दूध तयार करायला लावणारा हार्मोन, २५ च्या खाली असायला हवा तो ६८ निघाला. अंगावर पित्त उठतं म्हणून आठ महिने रोज रात्री लेव्होसेटिरिझिन चालू होती, आणि सकाळी उपाशीपोटी एक ‘पित्ताची कॅप्सूल’ वर्षभर चालू आहे. हिस्टामिन अडवणारी औषधं पिट्युटरीचे हार्मोन बिघडवतात असं कानावर आल्यामुळे लेव्होसेटिरिझिन स्वतःहून बंद केली, आणि चौथ्या दिवशी अंगभर गांधी उठल्या. आता मेंदूचा एमआरआय सांगितलाय आणि घरात सगळे धास्तावलेत. जोडीला दुसरा प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाला भूक लागावी म्हणून सायप्रोहेप्टाडिनचं सिरप देतात, त्याने त्याची उंची खुंटेल का?

उत्तराचा गाभा आधीच सांगतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. लेव्होसेटिरिझिनने प्रोलॅक्टिन ६८ होत नाही. ती बंद करून तुम्ही उगाच खाज सोसलीत. डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू करा. माझा संशय त्या सकाळच्या कॅप्सूलवर आहे. तिच्यात आम्ल कमी करणारं जे औषध असेल ते यातलं गुन्हेगार नाही. त्याच कॅप्सूलमध्ये शेजारी भरलेलं दुसरं औषध असण्याची शक्यता फार मोठी आहे. स्ट्रिप उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलं असेल, तर एमआरआयच्या आधी करायचं काम वेगळं आहे.

आता ‘पित्त’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या खोलीत या विषयावरचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं, त्यावर आमसुलाचं पाणी चोळायचं. आंबट ढेकर आले, छातीत जळजळलं की पित्त झालं. अर्धं डोकं ठणकायला लागलं आणि उलटी झाल्यावर उतरलं, तर पित्ताने डोकं चढलं होतं. चक्कर आली तरी पित्तच. मग पेशंट सांगतात, ‘डॉक्टर, पित्ताची गोळी घेते’, आणि मला विचारावं लागतं, कोणतं पित्त? या चार पित्तांवर दिली जाणारी औषधं अगदी निराळी आहेत, आणि पिट्युटरीवर त्यांचा परिणाम तर त्याहून निराळा.

पहिल्या दोन पित्तांत एक धागा खरोखरच समान आहे, तो हिस्टामिनचा. त्वचेतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ ग्राहींना (ग्राही म्हणजे पेशीवरचं कुलूप, ज्यात निरोपाची किल्ली बसते) चिकटतं, तिथून पाणी झिरपतं आणि गांध उठते. जठरात हेच हिस्टामिन एच-२ ग्राहींना चिकटून आम्ल तयार करायला लावतं. गांधीवर सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही एच-१ अडवणारी औषधं; जठरासाठी रॅनिटिडिन, फॅमोटिडिन ही एच-२ अडवणारी. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही हिस्टामिनची औषधं नाहीतच. ती थेट आम्लाचा पंप बंद करतात. तुमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा यांपैकीच एखादं असेल, म्हणजे सकाळच्या कॅप्सूलचा हिस्टामिनशी संबंधही नसेल.

तरीही हिस्टामिन आणि पिट्युटरी यांचं नातं आहे. तुमच्या कानावर जे आलं त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ते नीट सांगतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो आणि त्याच्याखाली देठाने लोंबणारी हरभऱ्याएवढी पिट्युटरी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात ट्युबरोमॅमिलरी नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. हिस्टामिनचा संदेश पाठवणाऱ्या मेंदूतल्या साऱ्या चेतापेशी तिथेच आहेत. १९८३-८४ च्या सुमारास त्या रंगवून दाखवता आल्या. माणसात त्या अवघ्या ६४,००० च्या आसपास. मेंदूतल्या पेशींच्या मानाने ही संख्या नगण्य, पण त्यांचे धागे मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात पोचलेले. जागं राहणं हे त्यांचं मोठं काम. म्हणूनच मेंदूत शिरणारी जुनी अँटीहिस्टामिन औषधं, क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिनसारखी, घेतली की डोळे मिटायला लागतात.

याच पेशींचे काही धागे पिट्युटरीला हुकूम सोडणाऱ्या भागात जातात. कोपनहेगनच्या उल्रिक निगे आणि यॉर्गन वारबर्ग यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत या एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांवरच्या अशा प्रयोगांतून जे चित्र उभं राहिलं ते असं: ताण आला की, किंवा पिल्लू आचळाला लागलं की, हिस्टामिनच्या पेशी कामाला लागतात आणि प्रोलॅक्टिन वाढायला मदत करतात. ताणात एसीटीएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावणारा पिट्युटरीचा हार्मोन) वाढतं, त्यातही त्यांचा हात असतो. शरीरातलं पाणी कमी झालं की ते राखून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन सुटतं, तिथेही त्या आहेत. हिस्टामिन पिट्युटरीच्या पेशींना थेट फारसं ढोसत नाही. ते वर, हायपोथॅलॅमसमध्ये बोलतं आणि तिथून निरोप खाली येतो.

आता यातून काय निघतं ते बघा. हिस्टामिन प्रोलॅक्टिन वाढवायला मदत करत असेल, तर हिस्टामिन अडवल्यावर ते कमी व्हायला हवं. आणि माणसांत जे थोडंफार दिसलं ते याच दिशेचं आहे. जुनी एच-१ औषधं इंजेक्शनने मोठ्या डोसमध्ये दिली की स्त्रियांमधलं मूळ प्रोलॅक्टिन थोडं खाली येतं. वाढत नाही. शिवाय लेव्होसेटिरिझिन मेंदूत फार कमी शिरते. त्यामुळे तुमच्या ६८ चा दोष तिच्यावर टाकायचा, तर दिशाही चुकते आणि जागाही.

मग ‘पित्ताच्या गोळीने प्रोलॅक्टिन वाढतं’ ही भीती आली कुठून? ती आली सिमेटिडिनपासून. जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं, बाजारात यशस्वी झालेलं हे पहिलं एच-२ औषध. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये आलं आणि अल्सरचे रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत घरी जाऊ लागले. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. पण सिमेटिडिन आल्या आल्या, १९७७ मध्येच, लक्षात आलं की ते शिरेतून एकदम दिलं तर पंधरा-वीस मिनिटांत प्रोलॅक्टिन कित्येक पटींनी उसळतं आणि तासा-दोन तासांत उतरतं. शिवाय दीर्घकाळ मोठे डोस घेणाऱ्या पुरुषांना छातीत गाठ, दुखणं, लैंगिक इच्छा मंदावणं अशा तक्रारी होऊ लागल्या.

त्या काळी सगळ्यांना वाटलं, एच-२ ग्राही अडवल्यामुळेच हे होतंय. मग १९८१ मध्ये रॅनिटिडिन आलं. एच-२ अडवण्यात ते सिमेटिडिनपेक्षा जास्त ताकदवान, पण नेहमीच्या डोसमध्ये शिरेतून देऊनही प्रोलॅक्टिन तसं उसळेना. जठरात अतोनात आम्ल तयार होणाऱ्या एका दुर्मीळ आजारात सिमेटिडिनचे प्रचंड डोस लागायचे. त्यातल्या ज्या पुरुषांना छातीचा आणि नपुंसकत्वाचा त्रास झाला होता, त्यांना रॅनिटिडिनवर आणलं तेव्हा आम्ल तितकंच आटोक्यात राहिलं आणि त्रास गेला. १९८३ ची ही नोंद मला विद्यार्थ्यांना शिकवताना फार उपयोगी पडते. दोन्ही औषधं एकच कुलूप बंद करतात आणि तरी एकच त्रास देतं, याचा अर्थ तो त्रास कुलपाचा नव्हे, त्या एका किल्लीचा. सिमेटिडिनचा रेणू पुरुषी हार्मोनच्या ग्राहींना जाऊन अडवतो, शिवाय यकृतात इस्ट्रोजेन मोडण्याच्या कामातही आडवा येतो. छातीची वाढ मुख्यतः त्यामुळे, आणि पुष्कळ रोग्यांत प्रोलॅक्टिन अगदी नॉर्मल असायचं.

तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या डोसमध्ये तर सिमेटिडिननेही प्रोलॅक्टिन फारसं हलत नाही. फॅमोटिडिन किंवा रॅनिटिडिन घेताना प्रोलॅक्टिन वाढल्याच्या तुरळक नोंदी आहेत. किडनी अधू असेल आणि औषध अंगात साचत असेल तर मी ती शक्यता मनात ठेवतो. पण तीस वर्षांच्या, किडनी ठणठणीत असलेल्या बाईत ते माझ्या यादीत तळाला असतं. (रॅनिटिडिन मागे पडण्याचं कारण निराळं. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी सापडली आणि २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढायला लावलं गेलं. पिट्युटरीशी त्याचा संबंध नाही.)

आता खरा मुद्दा. प्रोलॅक्टिन हा पिट्युटरीतला एक विचित्र हार्मोन आहे. बाकीच्यांना वरून ‘तयार करा’ असा हुकूम लागतो. प्रोलॅक्टिनला ‘थांबा’ असा हुकूम सतत लागतो. तो हुकूम म्हणजे डोपामिन. हायपोथॅलॅमसमधून ते बारीक रक्तवाहिन्यांतून थेंबाथेंबाने खाली येत असतं आणि प्रोलॅक्टिन दाबून ठेवतं. डोपामिनचा हात सुटला की प्रोलॅक्टिन वर उसळतं. म्हणून डोपामिनचे डी-२ ग्राही अडवणारं कुठलंही औषध प्रोलॅक्टिन वाढवतं. मानसिक आजारांवरची काही औषधं यात येतात. आणि उलटी थांबवणारी, जठर लवकर रिकामं करणारी डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइडही यातच.

डॉम्पेरिडोन मेंदूत शिरत नाही म्हणून निर्धोक, असं अजूनही सांगितलं जातं. मेंदूत शिरत नाही हे बरोबर. पण पिट्युटरी त्या कुंपणाच्या बाहेर आहे. रक्तातलं डॉम्पेरिडोन तिथे सहज पोचतं.

आपल्याकडे आम्लाच्या गोळीत हे दुसरं औषध घालून विकायची पद्धत इतकी रुळली आहे की लोकांना ते वेगळं औषध आहे हेच माहीत नसतं. ब्रँडच्या नावापुढे एक अक्षर लागतं, डी किंवा एल, आणि झालं. डी वाल्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असतं, दिवसभर हळूहळू सुटणारं. एल वालीत ७५ मिलिग्रॅम लेव्होसल्पिराइड. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये डॉम्पेरिडोनवर बंधनं घातली, ती हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे: फक्त मळमळ-उलटीसाठी, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, आणि साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. एक आठवडा. आपल्याकडे ती कॅप्सूल वर्षभर रोज सकाळी चहाच्या आधी घेतली जाते, आणि संपली की मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवून नवी आणली जाते.

एक पेशंट सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदल करून. वय २६, बँकेत नोकरी. प्रोलॅक्टिन ११२, पाळी बंद, आणि लग्न झालेलं नसताना स्तनातून दुधासारखा स्राव. त्या स्रावामुळे घरात तिला जे प्रश्न विचारले गेले होते, ते सांगताना तिचा आवाज बसला. एमआरआय आधीच झाला होता. पिट्युटरीत ३ मिलिमीटरचा ठिपका. गाठ ठरली, प्रोलॅक्टिन उतरवणारं कॅबर्गोलिन सुरू झालं, सहा महिने झाले तरी प्रोलॅक्टिन पूर्ण उतरत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी विचारलं, आणखी काय औषधं? ती म्हणाली, काहीच नाही. आईने मध्येच आठवण केली, ‘अगं, ती पित्ताची?’ मुलीने पर्स उघडून स्ट्रिप टेबलावर ठेवली. राबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. परीक्षेच्या दिवसांत होस्टेलवर सुरू झालेली, तीन वर्षं चाललेली.

म्हणजे एक गोळी डोपामिनचा ग्राही अडवत होती आणि दुसरी त्याच ग्राहीला जागं करायला बघत होती. आम्ही दोन्ही थांबवल्या. आम्लासाठी रात्री फॅमोटिडिन दिलं, जेवणाच्या वेळा बदलल्या. कॅबर्गोलिन शरीरात बराच काळ रेंगाळतं, म्हणून दोन महिने थांबून रक्त तपासलं. प्रोलॅक्टिन १४. पाळी त्याआधीच आली होती. तो ३ मिलिमीटरचा ठिपका वर्षाने बघितला तेव्हा होता तसाच होता. धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तरी दहांतल्या साधारण एकाच्या पिट्युटरीत असा बारीक ठिपका सापडतो. बहुतेक जण तो घेऊनच आयुष्य काढतात. तिला ‘मेंदूत गाठ’ हे शब्द ऐकावे लागले, त्यावर तिचं एक लग्न मोडलं. स्ट्रिप कुणी वाचली असती तर यातलं काहीच झालं नसतं. मला आजही त्याचा राग येतो. म्हणून मी प्रोलॅक्टिनच्या प्रत्येक पेशंटला फोनवरच सांगायला लावतो: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, अधूनमधून घेता त्यासुद्धा.

चक्कर आणि डोकं चढणं या उरलेल्या दोन पित्तांबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे हिस्टामिन आणि डोपामिन यांची सरमिसळ एकाच रेणूत होते. चक्करसाठी दिली जाणारी सिनारिझिन एच-१ अडवते, म्हणून ती अँटीहिस्टामिनच म्हणायची. पण ती डी-२ ग्राहीही अडवते. अर्धशिशीसाठी रात्री दिली जाणारी फ्लुनारिझिन तिची बहीण. या दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढू शकतं, आणि वयस्कर माणसांत महिनोन्महिने चालल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास होतो. घाटात गाडी लागू नये म्हणून घेतात ती प्रोमेथाझिनही याच सीमेवरची. महाबळेश्वरला जाताना घेतलेल्या एका गोळीने काही होत नाही, रोजची सवय असेल तर मात्र मला ती माहीत असायला हवी. यातलं काही तुम्ही घेता का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही; पिशवीत शोधा.

आता तुम्ही काय करायचं.

सगळ्यात आधी लघवीची गर्भचाचणी. पाळी लांबलीय आणि प्रोलॅक्टिन वाढलंय, याचं सगळ्यात नैसर्गिक कारण गर्भधारणा असतं आणि तेच विचारायचं राहून जातं. मग टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). थायरॉईड मंद असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं, कारण टीएसएचला ढकलणारा वरचा टीआरएच हा हार्मोन प्रोलॅक्टिनलाही ढकलतो. थायरॉईडची गोळी तुम्ही आधीपासून घेत असाल तर आणखी एक: पॅन्टोप्राझोलसारख्या औषधांनी जठरातलं आम्ल कमी झालं की ती गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच चढतं.

कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड निघालं, तर ज्यांनी ती दिली त्यांना दाखवून ते औषध थांबवा. आम्लाचं औषध एकदम तोडू नका. वर्षभर पंप दाबून ठेवल्यावर अचानक सोडला की जठर पूर्वीपेक्षा जास्त आम्ल ओततं, छाती जळते आणि माणूस पुन्हा त्याच स्ट्रिपकडे जातो. साधं पॅन्टोप्राझोल, म्हणजे पुढे अक्षर नसलेलं, किंवा रात्री फॅमोटिडिन, आणि मग तेही हळूहळू कमी. हो, फॅमोटिडिन हिस्टामिन अडवणारंच आहे, आणि तुमच्या प्रोलॅक्टिनसाठी मी तेच सुचवतोय. एच-२ अडवण्याची मला भीती वाटत नाही, ती यावरूनच कळेल.

पुस्तकात औषध तीन दिवस थांबवून पुन्हा तपासा असं आहे. मी दहा-बारा दिवस थांबतो, कारण दीर्घकाळ घेतलेल्यांत घाईने केलेली तपासणी अर्धवट उत्तर देते. रक्त देताना उठल्या उठल्या जाऊ नका; झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं. उठून दोन-तीन तास होऊ द्या, धावतपळत लॅबमध्ये पोचला असाल तर वीस मिनिटं बसा. आकड्यापुढचं एकक बघा. मिलीलिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला साधारण २१ मिली-एकक. ६८ चं दुसऱ्या लॅबमध्ये १४०० झालं म्हणून रडत आलेल्या बाया मी पाहिल्यात, आकडा तोच असतो. आणि प्रोलॅक्टिन वाढलेलं राहिलं पण पाळी नियमित झाली, तर लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासायला सांगा. हे रक्तात साचून राहणारं मोठ्या आकाराचं प्रोलॅक्टिन असतं. ते आकडा वाढवतं पण शरीरावर फारसं काही करत नाही.

एक सूचना मात्र कळकळीची. घरात कुणी मानसिक आजारावरची गोळी घेत असेल आणि हे वाचून प्रोलॅक्टिनच्या भीतीने ती बंद करावीशी वाटली, तर करू नका. तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग प्रोलॅक्टिन.

तुम्ही पुढे बाळाचा विचार करत असाल तर अंगावर पाजण्याबद्दल थोडं. सर्दीच्या गोळीने दूध आटतं, असं बायका सांगतात. त्यात एच-१ औषधाचा वाटा लहान आहे: बाळ स्तनाला लागल्यावर जे प्रोलॅक्टिन सुटतं, ते आधी अँटीहिस्टामिन दिलं तरी सुटतंच. दूध कमी होतं ते बहुधा त्याच गोळीतल्या दुसऱ्या औषधाने. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनचा ६० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तर चोवीस तासांतलं दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं मोजलेलं आहे. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत, दूध नीट सुरू व्हायच्या आत, मी अशा मिश्र गोळ्या टाळायला सांगतो. नुसती सेटिरिझिन चालते.

आता मुलाचं सिरप. सायप्रोहेप्टाडिन हे एच-१ अडवणारं जुनं औषध, पण ते सेरोटोनिनही अडवतं, आणि भूक वाढते ती त्यामुळे. पिट्युटरीच्या बाबतीत हिस्टामिनच्या औषधांमधलं हे सर्वांत रंजक औषध. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी क्रीगर यांनी ते कुशिंगच्या आजारावर वापरून पाहिलं. या आजारात पिट्युटरीतली गाठ भरमसाट एसीटीएच सोडते आणि शरीरात कॉर्टिसोल या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या हार्मोनचा पूर येतो. काही रोग्यांत कॉर्टिसोल खाली आलं. पण ते थोड्याच जणांत, आणि औषध थांबवलं की आजार परत. आज त्यासाठी कुणी ते वापरत नाही.

वाढीच्या हार्मोनचंही तसंच. सायप्रोहेप्टाडिन घेतलेल्या माणसाची रक्तातली साखर मुद्दाम उतरवून ग्रोथ हार्मोन मोजला, तर तो जितका चढायला हवा तितका चढत नाही. हे वाचून आई-वडील घाबरतात, ते साहजिक आहे. पण चाचणीतला आकडा दबणं आणि मुलाची उंची खुंटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सिरप घेणाऱ्या मुलांची उंची त्यामुळे कमी राहते, असं दिसलेलं नाही. एकच लक्षात ठेवा: कधी त्याची ग्रोथ हार्मोनची चाचणी करायची वेळ आली, तर हे सिरप चालू असल्याचं आधी सांगा, नाहीतर नसलेली कमतरता निघेल आणि रोज रात्रीची इंजेक्शनं मागे लागतील.

माझी तक्रार वेगळी आहे. सहा वर्षांचं मूल जेवत नाही, तर का जेवत नाही हे आधी बघायचं. हिमोग्लोबिन किती, जंत आहेत का, दिवसभर दूध-बिस्किटांवर पोट भरतंय का, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ज्याला ढोबळपणे ओळखतात तो सीलिअ‍ॅक आजार तर नाही. सिरपने भूक वाढते, दोन किलो वजन चढतं, आणि बाटली बंद केली की ते उतरतं. मधल्या काळात मूल वर्गात पेंगतं. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढायला हवं. दाराच्या चौकटीवर आज पेन्सिलने खूण करा, खाली तारीख लिहा, आणि तीन-तीन महिन्यांनी पुन्हा. वर्षात ४ सेंटिमीटरही झालं नाही तर बालरोगतज्ज्ञांना वाढीचा तक्ता मांडायला सांगा.

आणि ती बाटली खरंच नुसत्या सायप्रोहेप्टाडिनची आहे का, तेही बघा. वजन वाढवायच्या म्हणून खुल्या किंवा बेनामी विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींमध्ये सायप्रोहेप्टाडिनसोबत डेक्सामेथासोन निघतं. ते स्टेरॉईड आहे. ते महिनोन्महिने पोटात गेलं की पिट्युटरी एसीटीएच सोडणं थांबवते, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकत जातात, आणि ते अचानक बंद केलं तर मूल किंवा मोठा माणूस उलट्या, रक्तदाब खाली अशा अवस्थेत दवाखान्यात येतो. जिममध्ये जाणारी पोरं अशा गोळ्या घेतात, लग्न ठरलेल्या बारीक मुलींना नातेवाईक आणून देतात. चेहरा गोल झाला, गालावर लाली आली, पोटावर जांभळे पट्टे आले, तर त्या गोळ्या स्वतःहून एका दिवसात तोडू नका. त्या घेऊन डॉक्टरकडे या, डोस उतरवत न्यावा लागतो.

राहिला तुमचा एमआरआय. औषध थांबवून केलेल्या तपासणीत प्रोलॅक्टिन २५ च्या खाली आलं आणि पाळी सुरू झाली, तर तो करू नका. औषध थांबवूनही वाढलेलंच राहिलं, किंवा स्ट्रिपवर मी म्हटलेलं काहीच निघालं नाही, तर करा, आणि निःशंक मनाने करा. प्रोलॅक्टिनच्या बहुतेक गाठी गोळीनेच आटोक्यात येतात. दोन बाबतींत मात्र थांबू नका: डोकं सतत दुखतंय, किंवा नजरेच्या दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालंय, म्हणजे चालताना दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्यात. तसं असेल तर औषधांचा हिशोब नंतर, एमआरआय याच आठवड्यात.

लेव्होसेटिरिझिन आज रात्रीपासून घ्यायला माझी हरकत नाही. तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांना तेवढा एक फोन करा. सकाळची स्ट्रिप टाकून देऊ नका, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.